समुद्राची स्थिती पाहून

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या नव्या मुलीवर माझा आवाज चढला. तशी मी कुणावर ओरडत नाही. अठ्ठावीस वर्षं काउंटरवर बसलं की समोरचा कितीही तापला तरी आपला सूर खाली ठेवायची सवय अंगात मुरते. ठाण्यात नौपाड्यातलं आमचं प्रवासाच्या बुकिंगचं ऑफिस लहानसं आहे, तीन टेबलं आणि एक प्रिंटर. सात-सव्वासातला गिऱ्हाईक ओसरलं की शटर अर्धं ओढून आम्ही सराव करतो. एकीनं काउंटर सांभाळायचं, दुसरीनं गिऱ्हाईक व्हायचं. त्या दिवशी मी गिऱ्हाईक होते: नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका, नवऱ्याचे गुडघे दुखतात, दोघांनाही पोहता येत नाही, पैसे एफडी मोडून आणलेत, आणि जायचंय लक्षद्वीपला, मुंबईहून क्रूझनं. मुलगी हुशार आहे. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त का, बाल्कनीची महाग का, जहाज डोलतं तेव्हा खालच्या डेकवरची मधली खोली का बरी, सगळं तिनं नीट समजावलं. परवान्याच्या फॉर्मचं सांगितलं. बंदर शुल्क आणि कर भाड्यात धरलेले नसतात हे मी विचारायच्या आत सांगितलं, तेव्हा तर मला तिचं कौतुकच वाटलं. मग तिनं माहितीपत्रकाचं शेवटचं पान उलटलं आणि तळाची बारीक अक्षरांतली ओळ तशीच सोडून पेन माझ्या हातात दिलं.

"खालचं वाच," मी म्हटलं. "ते छापलेलंच आहे ना, मॅडम." "तरी वाच." तिनं भराभर वाचलं, की बेटावर उतरणं समुद्राची स्थिती पाहून ठरेल, अंतिम निर्णय कप्तानाचा. मग म्हणाली, "पण हे वाचून दाखवलं तर माणूस उठून जाईल, मॅडम." "मग जाऊ दे ना उठून!" माझा आवाज एवढा मोठा झाला की झेरॉक्स काढणारा मुलगा वळून बघायला लागला. तिचे डोळे भरले. मी सॉरी म्हटलं, पण ते वरवरचं होतं, तिलाही कळलं असणार. घरी जाताना रिक्षा न करता तलावपाळीला वळसा घालून चालत गेले. मासुंदा तलावात पायडलच्या बोटी काठाला बांधून ठेवलेल्या, एकमेकींवर हलक्या आपटत होत्या. घरी पोचले, पाय धुवायला बाथरूममध्ये गेले, तर दाराशी आईच्या निळ्या रबरी सँडल ओल्या होऊन पडल्या होत्या.

ती ओळ मी स्वतः एकदा गाळली आहे. मुद्दाम.

1997 साली बीकॉमची परीक्षा देऊन मी स्टेशनाजवळच्या विमान तिकिटांच्या एका क्लासात नाव घातलं. अरुंद जिना, खाली वडापावची गाडी, वर दोन खोल्या आणि भिंतभर जगाचा नकाशा. फी आईनं भिशीचा नंबर लागला त्यातून भरली. बाबांना हे शिक्षण वाटतच नव्हतं, बँकेच्या परीक्षा दे म्हणायचे. क्लासात पहिले पंधरा दिवस कोऱ्या नकाशात शहरं भरण्यात गेले. आयाटानं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, सगळ्या जगाचे तीन भाग केलेत: पहिल्यात दोन्ही अमेरिका, दुसऱ्यात युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्व, तिसऱ्यात आपण, चीन-जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंतचं सगळं. मग विमानतळांचे तीन अक्षरी कोड. मुंबई बीओएम, कारण कोड ठरला तेव्हा बॉम्बे. पुणे पीएनक्यू, औरंगाबाद आयएक्सयू, बेळगाव आयएक्सजी, पोर्ट ब्लेअर आयएक्सझेड. शहरांची नावं बदलली, कोड तेच राहिले. आताच्या मुलींना त्यात एनएमआय आलंय, नवी मुंबईचं. 25 डिसेंबर 2025 ला तिथून पहिली विमानं उडाली तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले.

कोड पाठ करून घ्यायची आई. संध्याकाळी मी पोळ्या लाटायचे आणि ती ओट्याशी स्टूल टाकून माझी वही घेऊन बसायची. सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं तिला येत होती, पण एकेक सुटं करून वाचायची. "ए... जी... एक्स." मी तव्यावरची पोळी उलटत म्हणायचे, "अल्फा, गोल्फ, एक्सरे. अगत्ती." फोनवर अक्षरं चुकू नयेत म्हणून आमच्या धंद्यात सगळं असंच सांगतात, बी फॉर ब्राव्हो, पी फॉर पापा. तिला त्या पापाचं फार हसू यायचं. एकदा विचारलं तिनं, "अगत्ती म्हणजे गं कुठं आलं?" "बेट आहे आई, लक्षद्वीपमध्ये. 1988 पासून विमान उतरतं तिथं." ती वहीत बघत राहिली. मग म्हणाली, "बेटावर बोटीनंच जायला हवं."

क्लासात शिकवायला एक सर होते, एका विमान कंपनीतून निवृत्त झालेले. तिकिटं तेव्हा हातानं लिहायची. प्रत्येक कुपनाच्या पाठीला लाल कार्बन, दाबून लिहावं लागे, खाडाखोड चालत नसे. एक अक्षर चुकलं की अख्खं तिकीट रद्द. संध्याकाळी लोकलची दांडी धरली की बोटांची टोकं लाल दिसायची. 1 जून 2008 पासून कागदी तिकिटं बंद झाली, पण तो कार्बनचा मेणचट वास मला अजून आठवतो. आता संगणकावर बुकिंग पक्कं करायला पाच गोष्टी भराव्या लागतात: नाव, प्रवास, फोन, तिकीट कधी काढणार ते, आणि बुकिंग कुणी सांगितलं ते. यातली एक राहिली तरी मशीन पुढे सरकत नाही, लगेच आडवं येतं. सरांची स्वतःची एक परीक्षा होती, ती कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती. तिकिटाच्या पाठीवरच्या अटी घ्यायच्या आणि वर्गासमोर उभं राहून मराठीत सांगायच्या. "तुमच्या आईला समजतील अशा सांगा," म्हणायचे. परतावा मिळणार नाही म्हणजे काय, विमान चुकलं तर काय, सामान हरवलं तर काय. आई समोर बसलीय असं समजून बोलायचं. त्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले होते. एवढं एकच मी बाबांना अभिमानानं सांगितलं होतं.

आईचं माहेर हर्णै. मुंबईत शिकायला असलेल्या मामांकडे ती लहानपणी बोटीनं यायची, भाऊच्या धक्क्यावर. पावसाळ्यात बोटी बंद, मग चार महिने पत्रंसुद्धा उशिरा. हर्णैला धक्का नव्हता. आगबोट आत खोल पाण्यात उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, निघायचे. बोटीच्या शिडीवरून पडावात उतरायचं ते लाट वर आली की, नेमक्या त्या क्षणी. एक खलाशी वरून हात सोडायचा, दुसरा खालून धरायचा. पडावही वाळूपर्यंत यायचा नाही, कंबरभर पाण्यात थांबायचा, मग बायकापोरांना खांद्यावर घेऊन काठाला सोडायचे. आई ते सांगताना दर वेळी स्वतःचा खांदा चाचपते. "हर्णैला बोट कधी लागली नाही," म्हणते, "बोट लागायची ती आम्हांला." त्यावर उपाय म्हणजे आवळासुपारी आणि नाकाशी लिंबू. घरात कुणी बोटीनं निघालं की आजी 'रामदास'चं नाव काढायची. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ती बोट सहाशेहून जास्त माणसांना घेऊन बुडाली. आई तेव्हा तान्ही होती. बोटीची भीती आणि बोटीची ओढ, दोन्ही तिला आजीच्याच मांडीवर मिळालं.

ही सगळी ओढ मला माहीत होती आणि तरी मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनाच बेटांवर पाठवत राहिले. सीझनमध्ये आमच्या धंद्यात सुट्टी मिळत नाही, हे कारण खरं होतं. पण पंचवीस वर्षं पुरेल इतकं खरं नव्हतं. आईला सत्त्याहत्तरावं लागलं, जिने चढताना ती कठडा धरायला लागली, तेव्हा नोव्हेंबर 2023 ची लक्षद्वीपची दोन जागांची केबिन मी घेतली. तिला पटवणं सोपं नव्हतं. एवढे पैसे? त्यात बाथरूम दुरुस्त होईल. मी म्हटलं, आई, अगत्ती. एजीएक्स. ती थांबली. मग मी तिला काउंटरवर सांगते तसं सांगितलं: संध्याकाळी निघायचं, साधारण 900 किलोमीटर, एक अख्खा दिवस पाण्यावर आणि दुसऱ्या सकाळी बेट. खाऱ्या पाण्याचं उथळ तळं असतं बेटाला लागून, त्यात गुडघ्यापर्यंत पाय बुडवून उभं राहायचं. बेटाच्या छोट्या बोटी येतात न्यायला. "पडाव!" आई म्हणाली. हो, पडावच. आणि इथं मी थांबले. बारीक अक्षरांतली ओळ मला पाठ होती. ती सांगितली तर आई लगेच म्हणेल, 'मग नकोच, उतरायचीच खात्री नाही तर कशाला?' हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नाही सांगितली. दुसऱ्या दिवशी ती जांभळी नाक्यावर जाऊन पाण्यात घालायच्या रबरी सँडल घेऊन आली. निळ्या. मागे पट्टा असलेल्या, लाटेनं वाहून जाऊ नयेत म्हणून.

बॅलार्ड पियरला सामान दिलं, जहाजात शिरलो, आणि पहिलंच काम म्हणजे लाइफ जॅकेटचा सराव. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. मी शेकडो लोकांना तो सांगितलाय, प्रत्यक्ष पहिल्यांदाच ऐकत होते. 1912 ला टायटॅनिक बुडाली, त्यानंतर 1914 साली समुद्रावरच्या जिवांसाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, असले सराव तिथून आले. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. आईनं मात्र साडीवर ते नारिंगी जॅकेट घट्ट बांधून घेतलं आणि बोटांच्या पेरांवर भोंगे मोजले. "आठ झाले," मला म्हणाली. रामदासवर असं काही नव्हतं का, हे तिनं विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तेच होतं.

रात्री अकराला ती मला डेकवर घेऊन गेली. वर कुठंतरी गाणी वाजत होती, आम्ही खालच्या डेकवर कठड्याशी होतो, तिथं इंजिनाची घरघर पायांतून वर चढते. किनाऱ्याचे दिवे कधीच गेलेले. आई अंधारात डावीकडे बघत होती. "हर्णै मागं गेलं असेल ना?" मी अंदाज केला, निघून सहा तास झालेले, गेलं असावं. तिनं तिकडे तोंड करून हात जोडले. मग तासभर बोलत राहिली. मला सगळ्या गोष्टी माहीत होत्या असं मला वाटत होतं. पण पडावातून उतरताना एकदा तिच्या धाकट्या भावाची टोपी पाण्यात पडली, खलाशानं उडी मारून ती काढून दिली आणि मामांनी त्याला दोन आणे दिले, ते त्यानं घेतले नाहीत, ही गोष्ट मी सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तो खलाशी काळासावळा, कानात सोन्याची भिकबाळी असलेला. एवढं तिला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्या आधी तयार. आंघोळ करून, वेणी घालून, पायांत निळ्या सँडल. पिशवीत खोबऱ्याच्या वड्यांचा स्टीलचा डबा, बेटावर कुणाला तरी द्यायला. मी तिला सांगितलं होतं की ही प्रवाळाची बेटं, छत्तीसांपैकी दहांवरच वस्ती, सगळी मिळून 32 चौरस किलोमीटर जमीन. 2011 च्या जनगणनेत लक्षद्वीपची माणसं होती 64,473; त्याच साली आमच्या ठाणे शहरात अठरा लाखांवर. पाणीसुद्धा मोजकं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर त्याचा पातळ थर तरंगतो, त्याच विहिरी. तिथल्याच कवरत्ती बेटावर 2005 साली समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आला, दिवसाला एक लाख लिटरचा. हे ऐकून आईनं केबिनमधल्या शॉवरखाली बादली नाही म्हणून कुरकुर केली होती. "रिकाम्या हातानं जाऊ नये अशा घरी," म्हणाली, आणि वड्यांचा डबा वरती ठेवला.

जहाज उभं राहिलं. गडद निळं पाणी, मग एक पांढरी फेसाची रेघ, तिथं लाट प्रवाळावर फुटत होती, आणि रेघेच्या पलीकडे तो रंग. मी तो माहितीपत्रकांत हजारदा पाहिलाय आणि दर वेळी मला वाटायचं, छपाईत वाढवलाय. वाढवलेला नव्हता. दुधात कच्च्या आंब्याचा हिरवा कालवावा तसा काहीतरी. त्यामागं माडांची लांबच लांब, बुटकी ओळ. ऊन स्वच्छ होतं, वारा फारसा नव्हता. पण लांबून येणारा लाटांचा फुगवटा होता, जहाजाच्या अंगाशी पाणी पुरुषभर वर येत होतं आणि खाली जात होतं. बेटाची एक बोट आली. फळीच्या दाराशी लावायचा प्रयत्न झाला, दोर फेकला, बोट एकदा वर आली, दारापेक्षाही वर, आणि धाडकन आपटली. दुसऱ्यांदा तसंच. बोटीवरच्या माणसानं वर बघून हात हलवला. पाऊण तासानं स्पीकरवर घोषणा झाली.

आईला इंग्रजी घोषणा कळली नाही. लोक चुकचुकायला लागले, काहीजण ऑफिसकडे भांडायला गेले. तिनं मला विचारलं, "पडाव परत का गेला?" मी सांगितलं. कप्तानानं ठरवलंय, लाट मोठी आहे. ती म्हणाली, "लाट तर वर आली की उतरायचं असतं." "आता नाही चालत तसं, आई." "आधी माहीत होतं हे असं होतं म्हणून?"

मी हो म्हटलं.

ती काही बोलली नाही. खुर्चीवर बसली, वाकून सँडलचे पट्टे सोडले, सँडल पिशवीत ठेवल्या आणि चपला घातल्या. त्या सँडलच्या तळाला किमतीचा कागद अजून चिकटलेला होता. मग खुर्ची कठड्याकडे वळवून घेतली आणि जहाज निघेपर्यंत, म्हणजे दोन तासांवर, बेटाकडे बघत बसली. मधे फक्त एकदा म्हणाली, "चूल पेटलीय तिथं," आणि खरंच माडांमधून धुराची एक बारीक काडी वर जात होती. वड्या तिनं आमच्या केबिनच्या मुलाला दिल्या. तो रत्नागिरीचा निघाला, वर्षातून नऊ महिने जहाजावर असतो. त्यानं दोन खाल्ल्या आणि बाकीच्या कागदात बांधून नेल्या.

तिनं तक्रार केली नाही. आजवर नाही. उलट शेजारणींना डेकवरची ती रात्र रंगवून सांगते, भोंगे मोजून दाखवते. कधी कधी मी स्वतःला म्हणते, ती ओळ सांगितली असती तर ती घरीच राहिली असती, आणि भिकबाळीचा खलाशी मला कधीच भेटला नसता. हे खरं आहे, आणि यात माझी सोय आहे हेही मला दिसतं. तिनं जोखीम समजून हो म्हटलं असतं तर उतरणं चुकणं हे समुद्राचं काम झालं असतं. हर्णैला नव्हतं का तसं? लाट मोठी असली की बोट सरळ पुढे जायची, म्हाताऱ्यांना पुढच्या बंदरात उतरून चालत यावं लागायचं, आणि कुणी कुणाला दोष द्यायचं नाही. समुद्राशी तिचा व्यवहार लहानपणापासून चोख होता. मधे मी आले. कप्तानाचं बरोबरच होतं, त्या लाटेत मीही कुणाला उतरू दिलं नसतं. आता आईचे गुडघे पार गेलेत. फरशी ओली असली की घसरायला नको म्हणून निळ्या सँडल ती बाथरूममध्ये घालते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, माझ्याकडून एकदा ती ओळ राहिली होती. तिनं कुणाची ट्रिप, किती नुकसान वगैरे काही विचारलं नाही. चहा आणला.

शनिवारी दुपारी कळव्याचं एक जोडपं आलं. सराव करताना मी झाले होते जवळजवळ तसंच, फक्त गुडघे बाईंचे दुखत होते. मी पलीकडच्या टेबलावर दुबईची तिकिटं करत होते, कान तिकडे. मुलीनं केबिन सांगितल्या, परवाना, कर. शेवटचं पान उलटलं आणि बोट ठेवून ती ओळ वाचली, मग मराठीत फोड करून सांगितली, सावकाश, बाईंकडे बघून. गृहस्थांनी चष्मा काढला. "म्हणजे एवढे पैसे भरून बेट लांबूनच बघून यायचं?" मुलगी म्हणाली, "तसंही होऊ शकतं, काका." ते बायकोकडे बघून उठायच्या बेतात होते. बाई उठल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, "आणि लांबून काय काय दिसतं गं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुबईची स्क्रीन तशीच ठेवली आणि माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढून घेतली.